साइन: धनुष्याची दोरी, कपड्याची घडी

आपल्या धंद्यात साइन-कोसाइनपासून सुटका नाही. गेम असो, मॅप असो नाहीतर ऑडिओ, कोडमध्ये खोल कुठेतरी हे फंक्शन बसलेलं असतंच. पण हा शब्द आला कुठून? "सगळं संस्कृतातूनच गेलंय" असा मेसेज अधूनमधून फिरत असतो. इथे तो अर्धा खरा आहे, आणि गंमत उरलेल्या अर्ध्यात आहे.

शाळेतली 'वर्तुळाची जीवा' आठवतेय ना? कंस म्हणजे धनुष्य, आणि त्याची दोन टोकं जोडणारी रेघ म्हणजे दोरी, अर्थात ज्या किंवा जीवा. ग्रीक लोक पूर्ण जीवेची कोष्टकं वापरायचे. आपल्याकडे अर्धी जीवा सोयीची ठरली. आर्यभटाने 'आर्यभटीय'मध्ये (इ.स. ४९९) अशा २४ अर्धज्यांमधले फरक दिलेत. पुढे 'अर्ध' गळलं, नुसती 'ज्या' राहिली.

८ व्या शतकात हे गणित बगदादला पोचलं. अरबांनी 'जीवा' तशीच उचलून 'जीब' केली. अरबीत त्याला काहीच अर्थ नव्हता! त्यात अरबीत ह्रस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे तीच अक्षरं 'जैब' अशीही वाचता येतात. जैब म्हणजे कपड्याची छातीपाशी पडणारी घडी. (हिंदीतली 'जेब' फारसीमार्गे यातूनच आली.) १२ व्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी सरळ घडीचाच शब्द घातला: सायनस. हो, सर्दीत ठणकतो तोच! इंग्रजीत त्याचं झालं साइन.

मग कोसाइन म्हणजे आपली 'कोटिज्या'? मेसेजमध्ये तसं ठोकून दिलेलं असतं. पण नाही हो... तो 'को' लॅटिन 'कॉम्प्लिमेंटी सायनस'मधला, म्हणजे कोटिकोनाचा साइन. १६२० मध्ये एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने तो 'को-सायनस' असा आखूड केला. आणि आपलं अस्सल वाटणारं 'केंद्र'? ते ग्रीक 'केंट्रॉन', ज्योतिषाबरोबर इकडे आलेलं.

म्हणजे एकाच वर्तुळात जीवा आपली आणि केंद्र ग्रीकांचं. आर्यभटाचं श्रेय खऱ्या गोष्टींवर भक्कम उभं आहे. त्याला 'कोसाइन'चा खोटा टेकू दिला, की तो टेकू ओळखणारा माणूस खऱ्या 'ज्या'वरही विश्वास ठेवत नाही. फॉरवर्ड करण्याआधी एवढं बघाच.