फारकत झाली, पण वावर कोणाचं?

पारस स्टेशनावर गाडीत बसलं की शेगाव, मलकापूर आणि मग भुसावळ. मलकापूरपर्यंत आपलं वऱ्हाड, पुढं खानदेश. १९४७ मध्ये मुंबई प्रांतानं हिंदू घटस्फोट कायदा केला, तेव्हा खानदेशातल्या बाईला कोर्टाची वाट मिळाली. वऱ्हाड मध्यप्रांतात, म्हणून बाळापूरच्या बाईला १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यापर्यंत थांबावं लागलं. (काही जातींत रूढीनं काडीमोड होतीच, ती या कायद्यानंही मान्य ठेवली.)

सुटका मिळाली, वाटा नाही. कलम २५ पोटगी देतं. कलम २७ लग्नात दोघांना मिळून आलेल्या वस्तूंबद्दल आहे, म्हणजे भांडी, कपाट. मुस्लिम बाईला मेहर, आणि २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर इद्दतीतच पुढच्या आयुष्याची तरतूद. वाटा तिलाही नाही. वावर ज्याच्या नावावर त्याचं. पऱ्हाटी कोण निंदते, कापूस कोण वेचते, हे काय मी सांगू?

शेतकरी संघटनेनं हे ओळखलं होतं. १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती चालवली: नवऱ्यानं आपणहून बायकोच्या नावे जमीन करायची. १९९२ मध्ये सरकारनंही परिपत्रक काढलं, नवऱ्यानं अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव. सारी गोम त्या 'अर्ज केला तर' मध्ये आहे. भांडण कोर्टात गेल्यावर कोण अर्ज करते?

पेन्शनचं तर विचारूच नका. मास्तरची बायको तीस वर्षं डबे करते. घटस्फोट झाला की कुटुंब निवृत्तिवेतन गेलं, कारण ते विधवेला मिळतं. थकलेल्या पोटगीसाठी नवऱ्याच्या पेन्शनवर जप्ती आणता येते, असं नागपूर खंडपीठानं २०१९ मध्ये म्हटलं. पण ती वसुली झाली, हक्काचा हिस्सा नव्हे.

नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेतून बायकोला काही देण्याचं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं. २०१४ ला लोकसभेची मुदत संपली अन् विधेयकही गेलं. पुन्हा कोणी हात लावला नाही, ना या पक्षानं ना त्या.

तिकडं गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर मालमत्ता दोघांची निम्मी निम्मी. तिथले संसार त्यानं काही बुडाले नाहीत.

तोवर ज्यांचं बरं चाललंय त्यांनी तरी तलाठ्याकडं अर्ज द्यावा. सातबारा मोबाईलवर फुकट दिसतो, आजच उघडून पाहा कोणाकोणाची नावं आहेत.