खर्जातील सोयरीक

ब्लूज आणि दक्षिण सायबेरियातील तुवाचे कंठगायन यांचा मिलाफ असलेली 'चंगीझ ब्लूज' ही ध्वनिमुद्रिका आम्हांस केवळ नावीन्यामुळे मोलाची वाटत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे अंध ब्लूज-गायक पॉल पेना यांनी १९८४ साली रेडिओ मॉस्कोवर, एका कंठातून एकाच वेळी दोन स्वर काढणारे हे गायन ऐकले. तुवन-इंग्रजी कोश मिळेना. तेव्हा तुवन-रशियन व रशियन-इंग्रजी कोश जोडून, अक्षरे बोटांस जाणवून देणाऱ्या यंत्राच्या साह्याने ते ती भाषा शिकले. १९९५ साली किझिल येथे 'कार्गीरा' या खर्जप्रकाराची स्पर्धा त्यांनी जिंकली. ध्वनिमुद्रिकेत तुवाचे कोंगार-ओल ओंदार त्यांच्यासह गातात. परप्रांती नेमणुकीवर असणाऱ्या आम्हां मंडळींनी पेनांचा क्रम ध्यानी घ्यावा : आधी भाषा, मग मैत्री आणि शेवटी जुगलबंदी.