धातूचा अर्थ कुठे शोधायचा?

कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर ठाकुरवाडी ही एकच वस्ती नाही. ठाकर समाजाच्या अनेक वाड्यांचे हेच नाव आहे. भातकापणीच्या दिवसांत त्यांतल्या कुठल्याही वाडीत जा. भात पिकलं, पेंढा सुकला, गुरं तिकडं हिंडतायत, चला जेवून घ्या, अशी वाक्ये एका सकाळीच कानावर येतात. संस्कृत धातूंच्या अर्थाचा विचार करायला मला यांपेक्षा चांगली सामग्री माहीत नाही.

पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात सुमारे 2000 धातू दहा गणांत लावलेले आहेत आणि प्रत्येकापुढे एका-दोन शब्दांत अर्थ आहे. विद्यार्थी तो अर्थ पाठ करतो आणि मराठी क्रियापद थेट त्या धातूपासून निघाले असे धरून चालतो. इथेच चूक होते. मराठी क्रियापद बहुधा नुसत्या धातूपासून येत नाही, त्याच्या एखाद्या ठरावीक रूपापासून येते. ते रूप सापडल्याशिवाय व्युत्पत्ती सिद्ध होत नाही.

‘सुकणे’ घ्या. धातू शुष्. वर्तमानकाळी शुष्यति, त्यावरून मराठीत ‘सुस’सारखे काहीतरी यायला हवे होते. मग ‘क’ कुठून आला? शुष्चे भूतकालवाचक विशेषण नियमाप्रमाणे होत नाही, ते ‘शुष्क’ होते, आणि त्यासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्र दिले आहे (8.2.51). लगेच पुढचे सूत्र (8.2.52) पच्चे ‘पक्व’ होते असे सांगते. शुष्कचे प्राकृतात सुक्क झाले, पक्वचे पिक्क, आणि त्या विशेषणांपासून मराठीने नवी क्रियापदे घडवली: सुकणे, पिकणे. अष्टाध्यायीत शेजारी बसलेले हे दोन अपवाद शेतातही शेजारीच ऐकू येतात. आधी भात पिकते, मग पेंढा सुकतो.

पच्चा प्रवास इथे संपत नाही. ‘पचणे’ त्याच धातूच्या ‘पच्यते’ या कर्मणि रूपापासून आले. उन्हाने दाणा तयार होतो आणि जठराग्नीने अन्न जिरते. उष्णतेने वस्तूचे रूप पालटणे हा धातूचा गाभा दोन्हीकडे टिकला. मात्र ‘पचति’चा मुख्य अर्थ रांधणे, आणि नेमकी चूल या धातूने मराठीत सोडली. तिथे सिध् आला: सिध्यति, सिज्झइ, शिजणे. म्हणजे ‘भात शिजला’ याचा मूळ भाव ‘भात सिद्ध झाला’. उतरवलेल्या भाताचे शीत दोन बोटांत दाबून बाई ‘शिजलं’ म्हणते, तेव्हा ती काम पुरे झाल्याचाच निर्वाळा देत असते. धातुपाठातही सिध्चा अर्थ पूर्णत्वाला जाणे असाच आहे.

‘कापणे’ याहून नवलाचे. ते प्राकृत कप्प्वरून आले, आणि कप्प् म्हणजे संस्कृत कल्पयति. कापणी आणि कल्पना एकाच धातूच्या लेकी! धातुपाठ या कृप् धातूचा अर्थ ‘सामर्थ्य’ देतो. त्यावरून विळ्यापर्यंत पोचता येत नाही. पण कल्पयति म्हणजे नीट लावणे, व्यवस्थित करणे. मनुस्मृतीत केस-नखे नीट कापलेल्या माणसाला ‘क्लृप्त’ हेच विशेषण लावले आहे. नीटनेटके करणे, त्यासाठी छाटणे, आणि अखेर नुसते कापणे, अशी ही वाट आहे.

सारखे दिसणारे शब्द फसवतातही. मळणीतले आणि पीठ मळण्यातले ‘मळणे’ मृद्चे आहे. हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या प्राकृत व्याकरणात मृद्च्या जागी ‘मल’ होतो असे नोंदवले आहे. पण कापड मळते ते मल, म्हणजे घाण, या नामावरून. उच्चार एक, कुळे दोन.

आता वादाचा मुद्दा. धातुपाठातले कितीतरी धातू उपलब्ध संस्कृत वाङ्मयात आढळतच नाहीत. व्हिटनी या अमेरिकन पंडिताने 1885 साली वापरात सापडणाऱ्या धातूंचा कोश केला, आणि उरलेल्यांकडे तो संशयाने पाहत असे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेल्या ब्यूलरने 1894 मध्ये त्याला उत्तर दिले: हे धातू प्राकृतांत आणि आजच्या देशी भाषांत शोधा. मला ब्यूलरचे पटते. हिंड् धातूला धातुपाठ गती आणि अनादर असे दोन अर्थ देतो. हा ‘अनादर’ काय, हे ग्रंथावरून उमगत नाही. पण ‘गुरं हिंडतायत’ म्हटले की त्यात ठरलेल्या वाटेची पर्वा नसणे आलेच. ‘जेवणे’चा जिम् तर धातुपाठाच्या काही पाठांतच मिळतो. जेवणे त्या धातूतून जन्मले असे म्हणण्यापेक्षा, लोक जेवत होते म्हणून वैयाकरणांनी तो धातू नोंदवला, असे म्हणणे मला अधिक खरे वाटते.

याच मुलखाने हे काम करणारा मोठा माणूस दिला. इतिहासाचार्य राजवाडे खालापूरला लागून असलेल्या पेण तालुक्यातल्या वरसईचे. त्यांचा ‘मराठी धातुकोश’ कृ. पां. कुलकर्णी यांच्या संपादनाखाली 1937 साली, राजवाडे गेल्यानंतर अकरा वर्षांनी, धुळ्याहून प्रसिद्ध झाला. तो संग्रह अपूर्व आहे. पण जवळजवळ प्रत्येक मराठी क्रियापदाला संस्कृत धातू मिळालाच पाहिजे हा राजवाड्यांचा आग्रह मला मान्य नाही. ‘झोडणे’ प्राकृतापर्यंत नेता येते, पुढे सांधा जुळत नाही. ‘नांगर’ लाङ्गलाचा, आणि लाङ्गल हा शब्दच बहुधा आर्यभाषांबाहेरून आलेला. सगळी नामे धातूंपासूनच होतात काय, यावर शाकटायन आणि गार्ग्य यांचे मतभेद यास्काने निरुक्तात मांडले आहेत. त्यात मी गार्ग्याच्या बाजूचा: सगळी होत नाहीत.

भात आता बहुतेक गिरणीवर भरडून येते. ‘कांडणे’ उखळापाशी उरले आहे. ज्यांच्या घरी किंवा वाडीत उखळ अजून चालते त्यांना विनंती, की तिथली क्रियापदे नुसत्या अर्थासह लिहून ठेवू नका. हात काय करत होते तेही लिहा, आणि तोंडून आलेले पुरे वाक्य लिहा.