मृत्युपत्राचा निष्पादक

मृत्युपत्राचा निष्पादक (व्यवहारातील नाव : एक्झिक्युटर किंवा व्यवस्थापक) म्हणजे मृत्युपत्र करणाऱ्याने आपल्या पश्चात त्याची अंमलबजावणी करण्यासाठी नेमलेली व्यक्ती होय. भारतात या पदासंबंधीच्या तरतुदी प्रामुख्याने भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 मध्ये आहेत.

नेमणूक

निष्पादकाचे नाव मृत्युपत्रात स्पष्टपणे लिहिता येते. मजकुरावरून नेमणूक अपरिहार्यपणे सूचित होत असली तरी ती ग्राह्य धरली जाते. अज्ञान किंवा विकल मनाच्या व्यक्तीस प्रोबेट मिळत नाही. वारसदार निष्पादक होऊ शकतो, तसेच निष्पादक मृत्युपत्राचा साक्षीदारही असू शकतो. मात्र नाव घातले म्हणून पद स्वीकारणे बंधनकारक नसते. त्यामुळे संबंधिताची पूर्वसंमती घेणे आणि पर्यायी नाव नमूद करणे इष्ट ठरते. निष्पादक नसल्यास किंवा त्याने नकार दिल्यास न्यायालय मृत्युपत्र जोडून प्रशासनपत्र देऊ शकते.

कर्तव्ये

मृताची मालमत्ता कायद्याने निष्पादकाकडे निहित होते. तथापि तो तिचा उपभोक्ता नसतो. अंत्यविधीचा खर्च व कर्जे भागवून, येणी वसूल करून उरलेली मालमत्ता लाभार्थींना देणे हे त्याचे काम असते. प्रोबेट मिळाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि एका वर्षात हिशेब न्यायालयात सादर करावा लागतो.

ताई महाराज प्रकरण

पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित यांनी 7 ऑगस्ट 1897 रोजी, मृत्यूच्याच दिवशी, मृत्युपत्र करून लोकमान्य टिळक, अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे आदींवर इस्टेटीची जबाबदारी सोपवली. टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या खटल्यात जामिनावर होते. बाबा महाराजांच्या पश्चात जन्मलेला मुलगा अल्पकाळातच वारला. पुढे दत्तकाच्या निवडीवरून त्यांच्या पत्नी ताई महाराज आणि विश्वस्त यांच्यात वाद झाला. ताई महाराजांच्या अर्जावरून 1902 मध्ये प्रोबेट रद्द झाले व टिळकांवर खोटी साक्ष दिल्याचा फौजदारी खटला चालला. खालच्या न्यायालयात त्यांना शिक्षा झाली. 1904 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दत्तकाचा दिवाणी वाद मात्र 1915 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने टिळकांच्या बाजूने निकाल देईपर्यंत चालला. मित्राखातर स्वीकारलेले हे पद टिळकांना सुमारे सतरा वर्षे निभवावे लागले.

प्रोबेटची आवश्यकता

मृत्युपत्र खरे असल्याचे प्रमाणित करणाऱ्या न्यायालयीन दाखल्यास प्रोबेट म्हणतात; ते केवळ नेमलेल्या निष्पादकासच मिळते. अधिनियमाच्या कलम 213 नुसार मुंबई शहरात केलेल्या किंवा तेथील स्थावर मालमत्तेविषयीच्या हिंदूंच्या मृत्युपत्रांसाठी ते दीर्घकाळ आवश्यक होते. बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव राजासारख्या गावात केलेल्या, केवळ स्थानिक शेती-घराविषयीच्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना ही सक्ती लागू नव्हती. 2025 च्या निरसन व सुधारणा कायद्याने कलम 213 वगळण्यात आले. प्रोबेट घेण्याचा मार्ग मात्र खुला असून मृत्युपत्राच्या सत्यतेबद्दल वाद असल्यास त्याचा उपयोग होतो.