घरच्या घरी स्क्रीन प्रिंटिंग : खर्च थोडा, काळजी मोठी

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेतील झेंडे, गणेशोत्सव मंडळांचे टी-शर्ट, किराणा दुकानांच्या कापडी पिशव्या, वास्तुशांतीची आमंत्रणे... ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत अशी शंभर-दोनशे नगांची कामे वर्षभर निघत असतात. त्यांपैकी बरीचशी स्क्रीन प्रिंटिंगने होऊ शकतात आणि त्यासाठी छापखाना थाटावा लागत नाही. एक भक्कम टेबल, पाण्याची सोय आणि पंखा एवढ्यावर सुरुवात करता येते. मात्र वन रूम किचनच्या घरात हा उद्योग करताना काय आणायचे याइतकेच काय आणायचे नाही हेही आधी ठरवावे लागते.

तत्त्व रांगोळीच्या छापाचे

दारात रांगोळीचा छाप ठेवून वरून रांगोळी पसरली की भोकांतून नक्षी उमटते. स्क्रीन प्रिंटिंगचे तत्त्व हेच आहे. येथे भोकांच्या पत्र्याऐवजी चौकटीवर ताणलेले बारीक जाळीचे कापड असते. नको असलेली भोके बुजवली जातात आणि उरलेल्या भोकांतून शाई रबराच्या पट्टीने खाली दाबली जाते. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी १९०७ मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. त्या काळी जाळीसाठी रेशीम वापरत. आज पॉलिस्टर किंवा नायलॉनचे कापड वापरले जाते.

साहित्य कोणते?

चौकटीसाठी पूर्ण सुकलेले, सरळ लाकूड घ्यावे. ओलसर लाकूड पावसाळ्यात पिळवटते आणि कापडाचा ताण जातो. चौकट आतून नक्षीपेक्षा चारी बाजूंनी तीन-चार इंच मोठी असावी. जाळीचे कापड धाग्यांच्या संख्येवरून मिळते. पिशव्या व टी-शर्टसाठी दर सेंटीमीटरला ४३ ते ५५ धाग्यांची जाळी पुरते, कागदावरील बारीक अक्षरांसाठी ९० ते १२० धाग्यांची लागते. याखेरीज लाकडी मुठीत बसवलेली रबराची पट्टी म्हणजेच स्क्वीजी, पाण्यात मिसळणारी कापडाची शाई, फोटो इमल्शन आणि एक जाड काच एवढे साहित्य लागते.

ज्यांना आधी हात बसवायचा आहे, त्यांनी इमल्शनही घेऊ नये. साध्या कागदावर ठळक आकार कापून तो जाळीखाली लावला, तरी काही डझन छाप निघतात. कमळ, स्वस्तिक, मोठी अक्षरे यांसाठी ही पद्धत पुरेशी आहे. शाई किती घ्यावी, पट्टी किती दाबावी हे यातून जवळजवळ फुकटात शिकता येते.

पडदा तयार करणे

कापड प्रत्येक बाजूच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे ताणत स्टेपलरच्या पिनांनी पक्के करावे. भांड्यांच्या साबणाने धुऊन त्यावरील तेलकटपणा घालवावा. मंद पिवळ्या प्रकाशात इमल्शनचा पातळ, सारखा थर दोन्ही बाजूंनी देऊन पडदा अंधारात आडवा सुकवावा. जून ते सप्टेंबर या दमट महिन्यांत ही पायरी हमखास चुकते. वरून कोरडा दिसणारा थर आतून ओला राहतो आणि धुताना नक्षीसकट निघून जातो. पंख्याखाली जास्त वेळ ठेवणे, हाच त्यावरचा उपाय.

नक्षी पारदर्शक कागदावर गडद काळ्या रंगात छापून घ्यावी. ती सुकलेल्या पडद्यावर ठेवून वर काच दाबावी आणि पडदा उन्हात धरावा. प्रकाश लागलेला भाग कडक होतो. काळ्या रेषांखालचा भाग मऊ राहतो व पाण्याने धुतला जातो. किती वेळ धरावे हे ऊन, इमल्शन आणि थराची जाडी यांवर अवलंबून असते. काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत वेळ लागतो. म्हणून आधी छोट्या पट्टीवर चाचणी घेणे शहाणपणाचे.

मराठी मजकुरात आणखी एक अडचण येते. जाड जाळीत अनुस्वार बुजतो, रफार तुटतो आणि उकाराची शेपटी नाहीशी होते. त्यामुळे पिशवीवरील मजकुरासाठी जाड वळणाचा टंक निवडावा. एका संगणकावरचा मजकूर दुसऱ्यावर उघडताना जोडाक्षरे बिघडतात, तेव्हा पडदा बनवण्याआधी ग्राहकाकडून कच्ची प्रत तपासून घ्यावी. पडदा तयार झाल्यावर चूक दुरुस्त होत नाही.

छपाई

चौकट दोन बिजागऱ्यांनी टेबलाला जोडली की प्रत्येक छाप एकाच जागी पडतो. जाळी आणि कापड यांत दोन नाण्यांच्या जाडीइतके अंतर ठेवावे. स्क्वीजी तिरपी धरून एकाच दमात ओढावी. थांबल्यास डाग पडतो. एप्रिल-मेच्या उष्म्यात शाई जाळीतच सुकते, म्हणून छाप घेतल्यानंतर लगेच पडद्यावर शाईचा हलका थर पसरून ठेवावा. कापडावरील छाप सुकल्यावर वर कागद ठेवून गरम इस्त्री काही मिनिटे फिरवावी, अन्यथा पहिल्याच धुण्यात रंग जातो. नेमका वेळ शाईच्या डब्यावर दिलेला असतो.

घरात काय आणू नये?

व्हिजिटिंग कार्ड, प्लॅस्टिक व चकचकीत कागदासाठी थिनरमध्ये विरघळणाऱ्या शाया वापरल्या जातात. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटू शकते. जेथे गॅसची शेगडी आणि देवासमोरची समई एकाच खोलीत आहेत, तेथे ही कामे घेऊच नयेत. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी डोंबिवली एमआयडीसीत झालेल्या स्फोटांनंतर ज्वालाग्राही द्रव्यांबाबत या परिसराला वेगळे सांगण्याची गरज नाही.

दुसरी टाळण्याची वस्तू म्हणजे बायक्रोमेट. इमल्शन प्रकाशाला संवेदनशील करण्यासाठी ही नारिंगी पूड वापरली जात असे आणि ती स्वस्तही पडते. मात्र त्यातील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, त्वचेवर जखमाही करते. डायझो किंवा तयार फोटोपॉलिमर इमल्शन थोडे महाग असले, तरी घरासाठी तेच घ्यावे. उरलेली शाई डब्यात परत भरावी, पडदा चिंधीने पुसावा आणि मगच धुवावा. उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले होते. त्यात घरच्या मोरीतून भर नको.

हिशेब कसा मांडावा?

खरा खर्च पडद्याचा असतो. समजा चौकट, कापड, इमल्शन आणि नक्षी मिळून ६०० रुपये लागले. वीस पिशव्या छापल्यास प्रत्येकीवर ३० रुपयांचा भार पडतो, दोनशे छापल्यास तो ३ रुपयांवर येतो. त्यात पिशवी, शाई, मेहनत आणि खराब होणारे नग धरावेत. दुसरा रंग म्हणजे दुसरा पडदा, म्हणून सुरुवात एकरंगी कामांनी करावी. काम संपल्यावर इमल्शन काढून तीच चौकट पुन्हा वापरता येते.

फलकांचे काम फ्लेक्सने आणि थोड्या प्रतींचे कागदी काम डिजिटल छपाईने नेले आहे. कापड मात्र अजून या धंद्याला साथ देते. राज्यात मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आल्यानंतर कापडी पिशवीची गरज वाढली आहे.

कायद्याची बाजू

सूक्ष्म उद्योगांसाठी १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी निःशुल्क आहे. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. सदनिकेत व्यवसाय करण्यापूर्वी सोसायटीचे उपविधी आणि महापालिकेचे नियम पाहून घ्यावेत.

निवडणुकीच्या दिवसांत मात्र विशेष सावध राहावे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७ क नुसार प्रचारपत्रकावर मुद्रक व प्रकाशकाचे नाव-पत्ता बंधनकारक आहे. प्रकाशकाकडून त्याला ओळखणाऱ्या दोन व्यक्तींनी साक्षांकित केलेले प्रतिज्ञापत्र घ्यावे लागते, तसेच छापलेल्या पत्रकासह त्याची प्रत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावी लागते. हाताने नक्कल करण्याखेरीज प्रती काढण्याची प्रत्येक पद्धत या कलमाखाली ‘मुद्रण’ ठरते. त्यामुळे स्वयंपाकघरातील टेबलावर छापणाराही मुद्रकच होय. नियम मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

एक रंग, एक चौकट, पाण्याची शाई आणि कापडी पिशवी या मर्यादेत राहिल्यास थोड्या भांडवलावर ही कला घरात नांदू शकते. थिनरची कामे हवीशी वाटू लागली की समजावे, आता स्वतंत्र, हवेशीर गाळा घेण्याची वेळ आली आहे.