घरच्या गाडीची शर्यत

मोटारींची शर्यत म्हटली कीं, जमिनीला पोट टेकलेली, एकाच माणसापुरती जागा असलेली आणि सार्वजनिक रस्त्यावर कधीं न दिसणारी एक गाडी डोळ्यांपुढें उभी राहते. असली गाडी बाळगणें हें धनिकांचें किंवा कारखानदारांचें काम. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांत शर्यतीचा एक निराळाच प्रकार लोकप्रिय झाला. जी गाडी एरव्हीं कचेरीच्या व बाजाराच्या वाटेवर दिसावयाची, तीच चार दारांची, मागें सामानाची पेटी असलेली गाडी सुटीच्या दिवशीं शर्यतीच्या मार्गावर उतरवावयाची, असा तो प्रकार होता. या शर्यतींनीं एक जुनाच प्रश्न नव्यानें विचारला : जिंकतें कोण, यंत्र कीं माणूस ? त्या प्रश्नाचें एक सरळ उत्तर १९५८ सालीं मिळालें.

युद्धकाळांत इंग्लंडमध्यें जागोजाग लष्करी विमानतळ बांधले गेले होते. शांतता होतांच त्यांतले पुष्कळ ओस पडले आणि त्यांच्या भोंवतालचे रुंद, सपाट रस्ते हौशी मंडळींच्या नजरेस आले. सिल्व्हरस्टोन आणि गुडवुड येथें १९४८ सालीं शर्यती सुरू झाल्या. नॉर्फोक परगण्यांतील स्नेटरटन हेंहि मूळचें अमेरिकन बाँबफेकी विमानांचें ठाणें. केंट परगण्यांतील ब्रँड्स हॅचची कथा वेगळी. तेथें पूर्वीं गवतावर मोटारसायकली धांवत. डांबरी मार्ग झाला तो १९५० सालीं. त्याच वर्षीं मे महिन्यांत पेट्रोलवरील नियंत्रण उठलें आणि गाडी केवळ गंमतीसाठीं चालविणें शक्य झालें.

१९५२ सालीं सिल्व्हरस्टोन येथें बाजारांत मिळणाऱ्या प्रवासी गाड्यांची शर्यत झाली. ती स्टर्लिंग मॉस यानें जॅग्वार मार्क सेव्हन या अवजड गाडींतून जिंकली. प्रेक्षकांना हा देखावा फार आवडला, आणि त्यांत नवल नव्हतें. या गाड्यांच्या कमानी मऊ असत, त्यामुळें वळणावर गाडी एका अंगावर झुके. ब्रेक तापून त्यांची पकड ढिली पडे. चालकाला वेग राखावयाचा, पण यंत्राला त्याच्या कुवतीबाहेर ताणावयाचें नाहीं, असा दुहेरी विवेक करावा लागे. पाहणाराला हें सारें समजत होतें, कारण तसलीच गाडी त्याच्या स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या दारांत उभी होती.

पुढें ब्रिटिश रेसिंग अँड स्पोर्ट्स कार क्लब या संस्थेनें अशा गाड्यांसाठीं एका हंगामाची अजिंक्यपद स्पर्धा ठरविली. तिची पहिली शर्यत २६ डिसेंबर १९५७ रोजीं ब्रँड्स हॅच येथें झाली. येथें नियम करणारांपुढें खरी अडचण होती. लहान इंजिनाची गाडी मोठ्या गाडीबरोबर धांवली, तर निकाल आधींच ठरलेला. म्हणून इंजिनाच्या आकारमानाप्रमाणें चार वर्ग पाडले गेले. पहिला १२०० घन सेंटिमीटरपर्यंत, दुसरा १६०० पर्यंत, तिसरा २७०० पर्यंत आणि चौथा त्यापुढचा. गुण मिळावयाचे ते स्वतःच्या वर्गांतील क्रमांकावरून. त्यामुळें एखादी लहान गाडी मोठ्या गाडीच्या कितीहि मागें राहिली, तरी वर्षअखेर तिचा चालक सर्वांचा अजिंक्य ठरूं शकत होता.

या नियमाचें फळ पहिल्याच हंगामांत दिसलें. टॉमी सॉपविथ हा चौथ्या वर्गांत ३४४२ घन सेंटिमीटरची जॅग्वार चालवीत होता. त्याचे वडील सर थॉमस सॉपविथ हे विमानविद्येंतील आद्य पुरुषांपैकीं एक. पहिल्या महायुद्धांतील 'कॅमल' विमान त्यांच्या कारखान्याचें. १९३४ सालीं अमेरिका चषकासाठीं ते ज्या 'एन्डेव्हर' नौकेनें लढले, तिचेंच नांव मुलानें आपल्या शर्यतपथकाला दिलें होतें. दुसरा जॅक सिअर्स, नॉर्फोककडील अठ्ठावीस वर्षांचा शेतकरी. त्याची ऑस्टिन वेस्टमिन्स्टर ए-१०५ ही सहा सिलिंडरची, २६३९ घन सेंटिमीटरची, पोक्त कुटुंबवत्सल गाडी. ती तिसऱ्या वर्गांत होती. दोघांपैकीं कोणीहि गरीब नव्हता, हें खरें. हौसेलाहि फुरसत आणि पैसा लागतो. परंतु शर्यत हें दोघांच्याहि चरितार्थाचें साधन नव्हतें.

हंगाम संपला तेव्हां दोघांचेहि गुण ४८ भरले. आतां निर्णय कसा करावयाचा ? नाणें उडवून निकाल लावावा, असा विचार पुढें आला. दोघांनाहि तो रुचला नाहीं. वर्षभर हातानें जें मिळविलें, तें दैवाच्या एका उडीवर कां सोडावें ? बरें, आपापल्या गाड्या घेऊन धांवावें, तर जॅग्वार पुढें जाणार हें शेंबड्या पोरालाहि कळत होतें.

अखेर एकाच जातीच्या दोन रायली वन-पॉइंट-फाइव्ह गाड्या आणल्या गेल्या. परंतु एका सांच्यांतून निघालेल्या दोन गाड्याहि अगदीं सारख्या नसतात. म्हणून ब्रँड्स हॅचच्या सव्वा मैलाच्या मार्गावर पांच पांच फेऱ्यांच्या दोन शर्यती घ्याव्या, पहिलीनंतर दोघांनीं गाड्या बदलाव्या, आणि दोहोंचा मिळून ज्याला कमी वेळ लागेल तो अजिंक्य, असें ठरलें. पहिली शर्यत सॉपविथनें जिंकली. दुसरींत सिअर्सनें ती तूट भरून काढून आघाडी मिळविली. एकूण अंतर बारा मैलांच्या थोडें वर, फरक १.६ सेकंदांचा. सिअर्स पहिला अजिंक्यवीर झाला.

त्या रायलीचें १४८९ घन सेंटिमीटरचें इंजिन आपल्याकडील लोकांना परकें नाहीं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या त्याच घराण्यांतलें, त्याच मापाचें इंजिन पुढें हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसडर गाडींत कित्येक वर्षें बसविलें जात होतें. रायलीला दोन कार्ब्युरेटर होते म्हणून ती अधिक चपळ, एवढेंच. ज्या जातीच्या यंत्रानें आपल्याकडे वऱ्हाडें वाहिलीं, त्याच जातीच्या यंत्रावर एका देशाचें अजिंक्यपद ठरलें.

१९६१ सालीं जॉन व्हिटमोर यानें अवघ्या ८४८ घन सेंटिमीटरच्या मिनी गाडींतून हें पद मिळविलें आणि वर्गपद्धतीची सार्थकता पुन्हां दिसली. सिअर्सनेंहि १९६३ सालीं तें दुसऱ्यांदां जिंकलें. पण वारें बदलत होतें. १९६४ चा विजेता जिम क्लार्क हा आदल्या वर्षींचा जगज्जेता होता. शर्यतींतील विजयानें गाड्या खपतात हें कारखान्यांनीं ओळखलें आणि हौशी माणूस हळूहळू मागें सरला. १९८७ सालीं स्पर्धेचें नांव बदलून ब्रिटिश टूरिंग कार चँपियनशिप झालें. आज तींत धांवणारी गाडी बाहेरून बाजारांतल्या गाडीसारखी दिसते. आंत मात्र पोलादी नळ्यांचा पिंजरा आणि एकच आसन असतें. वेग वाढला, सुरक्षितपणाहि वाढला. ती गाडी घेऊन भाजी आणावयास मात्र कोणी जात नाहीं.

सिअर्स २०१६ सालीं आणि सॉपविथ २०१९ सालीं निवर्तले. त्या दिवशीं एक जिंकला व दुसरा हरला, ही गोष्ट तशी लहान. दोघांनीं दैवाचा कौल नाकारला आणि आपल्या हातची गाडी प्रतिस्पर्ध्याच्या हातीं देण्याचें मान्य केलें, ही मोठी. ज्याला न्याय हवा असतो, त्यानें आपली जागा दुसऱ्याला देऊन पाहावी आणि दुसऱ्याच्या जागीं आपण बसून पाहावें. मग उरतो तो फरक, दीड सेकंदाचा कां असेना, खरा असतो.