देशाच्या वरचा कायदा: युरोपीय संघात सरकार, बाजार आणि सामान्य माणूस

1 मे 2014 पासून आपल्या हापूसला युरोपचे दरवाजे बंद झाले होते. कोकणातल्या बागायतदारांना आणि वाशीच्या व्यापाऱ्यांना तो हंगाम आजही आठवत असेल. 2013 मध्ये भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या 207 खेपांमध्ये फळमाशी आणि इतर कीड सापडली, असे कारण देऊन युरोपीय संघाने आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळूची पाने यांची आयात थांबवली. ब्रिटनमधल्या दुकानदारांनी ओरड केली, तिथल्या खासदारांनीही आवाज उठवला. पण ब्रिटन तेव्हा संघाचा सदस्य होता आणि बंदी उठवणे एकट्या ब्रिटिश सरकारच्या हातात नव्हते. भारताने निर्यातीची तपासणी सुधारली, संघाने तिची खात्री करून घेतली, तेव्हा कुठे जानेवारी 2015 मध्ये आंब्यावरची बंदी उठली.

आता प्रश्न असा की, देश स्वतंत्र, संसद स्वतःची, मग आंबा घ्यायचा की नाही हे दुसरेच कोणी कसे ठरवते? याचे उत्तर म्हणजे अधिराष्ट्रीय कायदा. अनेक देश मिळून आपल्या अधिकाराचा काही भाग एका सामाईक संस्थेकडे सोपवतात आणि त्या संस्थेने केलेला कायदा सगळ्यांवर बंधनकारक होतो. आज याचे सर्वांत ठळक उदाहरण 27 देशांचा युरोपीय संघ हेच आहे. आपले अनेक नातेवाईक युरोपात शिकायला, नोकरीला जातात. म्हणून हा विषय समजून घेणे आम्हाला गरजेचे वाटते.

सुरुवात कशी झाली?

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी 1951 मध्ये कोळसा आणि पोलाद यांचा कारभार एकत्र केला. शस्त्रे ज्यातून बनतात तेच सामाईक झाले, तर पुन्हा युद्ध होणार नाही, हा त्यामागचा विचार. 1957 च्या रोम कराराने सामाईक बाजारपेठेचा पाया घातला.

संघाचे कायदे मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला विनियम. तो जसाच्या तसा सगळ्या देशांत लागू होतो. दुसरा निर्देश. त्यात काय साध्य करायचे ते संघ सांगतो, आणि ठरलेल्या मुदतीत त्यासाठी आपापला कायदा प्रत्येक देश करतो.

सरकारांवर परिणाम

आंतरराष्ट्रीय करार तर पूर्वीही होत होते. मग नवीन काय घडले? ते घडले लक्झेंबर्गच्या न्यायालयात. नेदरलँड्समधील फान खेंड एन लोस या वाहतूक कंपनीने जर्मनीहून एक रसायन आणले. त्यावरचे आयातशुल्क 3 टक्क्यांवरून 8 टक्के झाले होते. करारात तर शुल्क वाढवू नये असे लिहिलेले! कंपनीने आपल्याच सरकारविरुद्ध दावा केला. 1963 मध्ये न्यायालयाने सांगितले की हा करार केवळ सरकारांमधला नाही. त्यातून नागरिकांना थेट हक्क मिळतात आणि ते आपल्या देशातल्या न्यायालयात मागता येतात.

पुढच्याच वर्षी, 1964 मध्ये, कोस्टा खटल्याचा निकाल आला. वीज कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणावर नाराज असलेल्या इटलीतल्या एका वकिलाने विजेचे किरकोळ बिल भरायला नकार दिला होता. एवढ्याशा बिलावरून न्यायालयाने मोठे तत्त्व मांडले: देशाचा कायदा आणि संघाचा कायदा यांत विरोध आला, तर संघाचा कायदा वरचढ.

फरक लक्षात घ्या. जागतिक व्यापार संघटनेत भारत आणि युरोपीय संघ दोघेही आहेत, पण तिथे तक्रार सरकारच करू शकते. आपला एखादा आंबा व्यापारी तिथे जाऊ शकत नाही. युरोपात मात्र साधा माणूसही हा कायदा हातात घेऊन आपल्या सरकारला कोर्टात खेचू शकतो.

व्यापारावर परिणाम

आयातशुल्क गेले तरी अडवणुकीचे इतर मार्ग असतातच. इटलीत पास्ता फक्त कठीण गव्हाचाच हवा, असा कायदा होता. वेगळ्या गव्हाचा जर्मन पास्ता त्यामुळे अडला. 1988 मध्ये न्यायालयाने ठरवले की बाहेरून येणाऱ्या पास्त्यावर ही अट लादता येणार नाही. पाकिटावर नीट माहिती छापा, गिऱ्हाईक काय ते ठरवेल. यामागचे तत्त्व 1979 च्या निकालातले: एका सदस्य देशात कायदेशीरपणे बनलेला माल दुसऱ्या देशात साधारणतः अडवता येत नाही. आरोग्य, ग्राहकांचे संरक्षण अशी सबळ कारणे असतील तरच अपवाद.

व्यक्तीच्या हक्कांवर परिणाम

बेल्जियममधल्या एका हवाई सुंदरीला तेच काम करणाऱ्या पुरुषापेक्षा कमी पगार मिळत होता. 1976 मध्ये न्यायालयाने समान कामाला समान वेतन हा करारातला हक्क थेट लागू केला. 1991 च्या फ्रँकोविच निकालाने त्याही पुढचे पाऊल टाकले. कंपनी बुडाली तर कामगारांचे थकलेले पगार मिळावेत, असा निर्देश होता. इटलीने मुदतीत त्याचा कायदाच केला नाही. न्यायालय म्हणाले, सरकारच्या अशा कसुरीमुळे नागरिकाचे नुकसान झाले, तर भरपाई सरकारनेच द्यायची.

हिजाब आणि जबीहा

मग हाच कायदा युरोपातल्या मुस्लिमांच्या बाजूने उभा राहतो का? खरे सांगायचे तर कधी हो, कधी नाही.

नोकरीत धर्मावरून भेदभाव करू नये, असा 2000 सालचा निर्देश आहे. 14 मार्च 2017 रोजी एकाच दिवशी दोन निकाल आले. पहिला बेल्जियममधल्या रिसेप्शनिस्टचा: कंपनीत सर्वच धार्मिक, राजकीय चिन्हांवर बंदी असेल, तर हिजाबला मनाई हा थेट भेदभाव ठरत नाही. दुसरा फ्रान्समधल्या इंजिनिअर महिलेचा: ग्राहकाला हिजाब नको आहे, एवढ्यावरून असा भेदभाव योग्य ठरत नाही. 2021 मध्ये न्यायालयाने अट कडक केली. तटस्थतेची खरोखर गरज आहे हे मालकाने दाखवायला हवे आणि नियम सर्वांना सारखा हवा. 2023 मध्ये मात्र सरकारी कार्यालयांना अशी बंदी घालण्याची मुभा मिळाली.

कुर्बानीचेही तसेच. कत्तलीपूर्वी जनावर बेशुद्ध करण्याच्या नियमातून 2009 च्या विनियमाने धार्मिक पद्धतीला सूट दिली, पण देशांना अधिक कडक नियम करण्याचीही मोकळीक ठेवली. बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रांताने 1 जानेवारी 2019 पासून ही सूट बंद केली. मुस्लिम आणि ज्यू संघटना न्यायालयात गेल्या. डिसेंबर 2020 मध्ये निकाल विरोधात गेला. मात्र बाहेरून असे मांस आणण्यावर या कायद्याने बंदी नाही, याची न्यायालयाने नोंद घेतली. पुढे फेब्रुवारी 2024 मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयानेही बेल्जियमचा नियम कायम ठेवला. हे न्यायालय युरोपीय संघाचे नाही, 46 देशांच्या युरोप परिषदेचे आहे. बातम्यांत दोघांची गल्लत नेहमी होते.

मर्यादा आणि वाद

लक्झेंबर्गचे न्यायालय हे देशातल्या निकालावरचे अपील कोर्ट नाही. खटला आधी देशातच लढायचा. संघाच्या कायद्याचा अर्थ काय, हे देशातला न्यायाधीश लक्झेंबर्गला विचारतो आणि उत्तरानुसार निकाल देतो. पोलंडच्या घटना न्यायाधिकरणाने ऑक्टोबर 2021 मध्ये संघाच्या कायद्याच्या श्रेष्ठत्वालाच आव्हान दिले. न्यायाधीशांविषयीचा आदेश पाळला नाही म्हणून त्याच महिन्यात त्या देशाला रोज 10 लाख युरोचा दंड लागला. ब्रिटनने तर 2016 च्या जनमतानंतर 31 जानेवारी 2020 रोजी संघच सोडला. आपले कायदे आपणच करू, हा तिथला मोठा मुद्दा होता.

या साऱ्यातून आम्हाला एक गोष्ट दिसते. पगाराचा हक्क असो की शुल्काचा, तो कागदावर आधीच होता. कोणीतरी कोर्टाची पायरी चढले, तेव्हा तो हाती आला. हिजाबच्या बाबतीत पूर्ण इन्साफ मिळाला असे आम्ही म्हणणार नाही. पण कारण दाखवण्याची जबाबदारी आज मालकावर आहे, हेही त्या महिलांनी दिलेल्या लढ्याचे फळ आहे. युरोपात नोकरीला निघालेल्या आपल्या मुला-मुलींनी कामाचा करार आणि कंपनीचे नियम आधी वाचावेत आणि अडचण आली तर लेखी कारण मागावे. हक्क माहीत असेल, तरच तो मागता येतो.